हाफिज मुलगा, बीजगणिताचा पेपर आणि रमझान : परीक्षेच्या ताणाचं एक प्रकरण

कोकणात आमच्या पट्ट्यात हे दरवर्षी दिसतं. मुलगा मदरशातून हिफ्ज पूर्ण करून घरी येतो, म्हणजे अख्खं कुरआन, तीसच्या तीस पारे (भाग) तोंडपाठ, असा मुलगा म्हणजे हाफिज, मग त्याला आठवी-नववीत शाळेत घालतात आणि बघता बघता तो दहावीच्या बोर्डाला बसतो. मधली काही वर्षं शाळा सुटलेली असते, गणित आणि इंग्रजी कच्चं असतं, आणि घरच्यांची अपेक्षा मात्र डबल असते कारण "एवढं मोठं कुरआन पाठ केलंय, मग हे पुस्तक काय चीज आहे". मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये गणित आणि सायन्स शिकवते, सोबत मुलांच्या समुपदेशनाचं कामही माझ्याकडे आहे. हे प्रकरण २०२५ च्या बॅचमधल्या एका मुलाचं आहे. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि घरच्यांना विचारूनच लिहितेय. लिहायचं कारण एवढंच की अशी मुलं प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांना एकतर नुसतं "नमाज पढ, सगळं ठीक होईल" सांगितलं जातं नाहीतर नुसतं "रिलॅक्स हो, डीप ब्रीदिंग कर" सांगितलं जातं, आणि दोन्ही अर्धवट राहतं.

प्रिलिमचा बीजगणिताचा पेपर. ४० मार्कांचा, दोन तासांचा. त्याची उत्तरपत्रिका माझ्याकडेच तपासायला आली. पहिल्या प्रश्नातले पर्याय लिहिलेले, एक-दोन बरोबर. पुढे वर्गसमीकरण सूत्राने सोडवायचं होतं, तिथे त्याने a, b, c च्या किमती नीट काढून लिहिल्या होत्या, त्याखाली बरोबरचं चिन्ह, आणि त्यापुढे काहीच नाही. पेनाचं टोक एकाच जागी टेकवून टेकवून कागदाला भोक पडलेलं. बाकी पानं कोरी. हाच मुलगा आठवड्यापूर्वी फळ्यावर हेच सूत्र वापरून गणित सोडवून गेला होता, त्यामुळे "येत नाही" हे कारण मला पटेना.

बोलायला बसवलं तर आधी काहीच बोलेना. मग म्हणाला, "टीचर, घरी येत होतं. पेपर हातात आला, हात ओले झाले, पोटात कसंतरी झालं आणि सगळं गेलं." हे बऱ्याच मुलांचं असतं. पण पुढच्या वेळी बसलो तेव्हा खरं दुखणं बाहेर आलं. त्याला वाटत होतं की त्याच्याकडून काहीतरी गुनाह होतोय म्हणून अल्लाह त्याची याददाश्त काढून घेतोय. मदरशांमध्ये एक अरबी शेर खूप सांगतात, इमाम शाफई या जुन्या मोठ्या धर्मपंडिताच्या नावाने, की मी माझ्या उस्तादांकडे कमजोर स्मरणशक्तीची तक्रार केली तर त्यांनी गुनाह सोडायला सांगितलं. मुलांनी शिस्तीत राहावं म्हणून सांगतात, हेतू चांगलाच असतो, पण ह्या पोराने तो शेर स्वतःवर लावून घेतला होता. आणि त्याहून मोठी भीती ही की गणित-सायन्स डोक्यात भरलं तर कुरआन निसटेल, आणि हाफिज होऊन कुरआन विसरणं म्हणजे केवढं मोठं पाप. म्हणजे अभ्यास केला तरी भीती, नाही केला तरी भीती.

घरी काय चाललं होतं तेही ऐका. अब्बा कुवेतला, रोज रात्री व्हिडिओ कॉल, पहिला प्रश्न "किती झाला अभ्यास?". अम्मी काळजीने अर्धी झालेली, कुणीतरी सांगितलेला वजीफा, म्हणजे दुआंचा जप, ती त्याच्याकडून रात्री उशिरापर्यंत पढून घ्यायची, नजर लागली म्हणून दम केलेलं, म्हणजे दुआ पढून फुंकलेलं, पाणी पाजायची, आणि त्यानंतर तो चहा पिऊन दोन वाजेपर्यंत पुस्तक उघडून बसायचा. फज्रला, पहाटेच्या नमाजला, परत उठायचं. झोप चार तासांच्या आत. त्या माऊलीला मी एका शब्दाने दोष देणार नाही, तिच्या हातात जे होतं ते सगळं ती करत होती.

आता डोक्यात काय होत होतं ते. धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटासा भाग आधी जागा होतो, त्याच्याकडून हायपोथॅलॅमसला निरोप जातो, किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून आधी अ‍ॅड्रिनॅलिन आणि थोड्या वेळाने कॉर्टिसॉल सुटतं. हृदय धडधडतं, हात घामेजतात, पोट ढवळतं, म्हणजे त्याने सांगितलेलं सगळं. हा बंदोबस्त पळायला किंवा लढायला उत्तम आहे, पण वर्गसमीकरण सोडवायला कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स लागतो, आकडे तात्पुरते मनात धरून ठेवायचं काम तोच करतो, आणि ताण फार वाढला की नेमका तोच भाग नीट चालत नाही. थोडा ताण कामाचा असतो, त्याशिवाय कुणी अभ्यासाला बसणारच नाही, पण इथे तो केव्हाच पलीकडे गेला होता. आणि एक गोष्ट मी त्याला मुद्दाम सांगितली. २००० साली झ्युरिकच्या संशोधकांनी लोकांना काही शब्द पाठ करायला दिले, दुसऱ्या दिवशी आठवायला सांगायच्या तासभर आधी काहींना कॉर्टिसोनची गोळी दिली, तर त्या लोकांना कमी शब्द आठवले. पाठांतर आदल्या दिवशीच झालं होतं, आणि गोळीने अडला तो आठवण्याचा रस्ता. "तुझं सूत्र कुठे गेलं नव्हतं रे, तुला त्या वेळी हाती लागलं नाही" असं म्हटल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून ऐकायला लागला.

पण गुनाहची गाठ माझ्या अमिग्डालाने सुटणार नव्हती. ती दीनच्या, म्हणजे धर्माच्या, बाजूने बसली होती, दीनच्याच बाजूने सुटायला हवी होती, आणि हे सांगायचा अधिकार माझ्यापेक्षा त्याच्या उस्तादांचा. मी आमच्या मशिदीच्या मकतबमधल्या (लहान मुलांच्या कुरआनच्या वर्गातल्या) मौलानांना भेटले, सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मॅडम, पोराला असरच्या नमाजनंतर पाठवा, तुम्हीपण या." त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी विचारलं, नमाजमध्ये रकात (नमाजचा एक फेरा) विसरलास तर काय करतोस? पोरगा म्हणाला, सजदा-ए-सह्व. म्हणजे शेवटी दोन जादा सजदे करायचे आणि नमाज पूर्ण करायची. मौलाना म्हणाले, मग बघ, विसरणं हा गुनाह असता तर शरियतने त्याची दुरुस्ती कशाला ठेवली असती? मग त्यांनी बुखारी आणि मुस्लिम या संग्रहांतली हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, सांगितली, एकदा खुद्द पैगंबरांकडून (स.) नमाजमध्ये कमी-जास्त झालं तेव्हा ते म्हणाले की मी पण माणूसच आहे, तुम्ही विसरता तसा मीही विसरतो, विसरलो तर मला आठवण करून द्या. आणि इमाम शाफईंच्या शेराबद्दल म्हणाले की ते मोठ्या इमामांनी स्वतःला लावलेलं शिस्तीचं माप आहे, त्याने दुसऱ्याचे गुनाह मोजत बसायचं नसतं, स्वतःवर फास म्हणून तर नाहीच नाही. पोरगा रडला. मौलानांनी त्याला रडू दिलं.

माझं ठाम मत आहे की ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त फरक त्या बसण्याने पडला, नंतरच्या टेक्निकने नाही. ताण कमी करायला धर्म उपयोगी पडतो का असं लोक विचारतात, तर कुठल्या तोंडून आणि कसा सांगितला जातो त्यावर आहे. त्याच कुरआनातून भीतीही वाढवता येते, आणि त्याच कुरआनातल्या सूरा बकरा या अध्यायाची शेवटची आयत (ओळ), अल्लाह कुणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही, तीही समोर ठेवता येते.

त्यानंतर अभ्यासाकडे वळलो, आणि इथे मला स्वतःला खूप मजा आली कारण जे शिकवायचं होतं ते त्याच्याकडे आधीपासून होतं. हिफ्जमध्ये रोजचे तीन हिस्से असतात. सबक म्हणजे आजचा नवा धडा, सबक पारा म्हणजे गेल्या काही दिवसांत झालेलं, आणि आमोख्ता म्हणजे जुनं सगळं फिरून फिरून. आणि हे मनात नाही वाचायचं, उस्तादसमोर बसून न बघता म्हणून दाखवायचं, जिथे अडकला तिथे उस्ताद पेन्सिलने खूण करतात. कुठल्याही हाफिजचा जुना मुसहफ, म्हणजे कुरआनची प्रत, उघडून बघा, पानापानावर त्या खुणा असतात. आता मानसशास्त्र काय सांगतं, तर एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर निसटतं आणि उजळणीने टिकतं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवलं की परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर जिंकतात ते ज्यांनी पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेतली होती. मौलानांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच हदीस काढली, कुरआनची उजळणी करत राहा, दावं सोडलेल्या उंटापेक्षा ते लवकर निसटतं.

तर गणिताचं पण तसंच लावलं. रोज एक नवा प्रकार हा सबक, आठवडाभरातलं सबक पारा, आणि जुन्या धड्यांतली दोन-तीन गणितं आमोख्ता, सगळी वही मिटून. चुकलं तिथे पेन्सिलची खूण, खाडाखोड नाही. तो हे एका दिवसात समजला, दुसऱ्या मुलांना समजवायला मला महिने जातात.

एक अडचण मात्र आली आणि ती सांगायलाच हवी. तो गणितं आयतींसारखी पाठ करत होता. पुस्तकातलं उदाहरण आकड्यांसकट, शब्द न् शब्द. आकडे बदलले की गाडी बंद. कुरआनमध्ये एक जबर-जेरही (आपल्या काना-मात्रेसारखी अरबी चिन्हं) बदलता येत नाही, त्यामुळे त्याची सवय तीच, पण गणितात पाठ करायचे ते टप्पे, बाकी दर वेळी नवं. म्हणून मग एकाच प्रकारची वेगवेगळ्या आकड्यांची गणितं द्यायची आणि सोडवण्याआधी तोंडाने सांगायचं की "पहिलं काय करणार, मग काय करणार", असं चालू केलं. त्याला ह्याचा वैताग यायचा. पण हळूहळू जमलं, अंकगणिती श्रेढी तर त्याला चक्क आवडायला लागली.

कुरआन निसटेल ही भीती कशी गेली? बोलून नाही गेली. मौलानांनी रोज फज्रनंतर अर्धा पारा त्याच्याकडून ऐकायचं ठरवलं, आणि गणिताचा अभ्यास वाढत गेला तरी पारा पक्काच राहतोय हे त्याला स्वतःला दिसलं, तेव्हा गेली.

पेपरमधल्या घाबरण्यावर दोन-तीन गोष्टी केल्या. श्वासाचं त्याला नव्याने काही शिकवावं लागलं नाही. तजवीदने, म्हणजे उच्चाराचे नियम पाळून, कुरआन पढणाऱ्याला लांब श्वास सोडत पढायची सवय असतेच, आणि श्वास सावकाश सोडला की व्हेगस नावाच्या नसेतून हृदयाला धीमं होण्याचा निरोप जातो हे सायन्स आहे. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं होतं की ख्रिश्चन माळेची प्रार्थना आणि योगमंत्र म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि त्याचा हृदयाला फायदा होतो. मला त्यातून एवढंच घ्यायचं होतं की संथ लयीत म्हटलेली प्रार्थना शरीरावर काम करते. म्हणून पेपर हातात आल्यावर आधी पेन खाली, आणि मूसा (अ.) यांची दुआ, "रब्बिश-रह ली सद्री, व यस्सिर ली अम्री", माझी छाती मोकळी कर, माझं काम सोपं कर, भराभर पुटपुटायची नाही तर तजवीदने, मनातल्या मनात, लांब श्वास सोडत. फिरऔनसमोर, इजिप्तच्या राजासमोर, उभं राहायचं होतं तेव्हाची दुआ आहे ही, म्हणजे पैगंबरालासुद्धा मोठ्या प्रसंगाआधी छाती दाटल्यासारखं झालं होतं. हे ऐकून पोरांना केवढा धीर येतो ते मी वर्गात बघते.

दुसरं म्हणजे लिहिणं. शिकागोच्या रामिरेझ आणि बायलॉक यांचा २०११ चा अभ्यास आहे, परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवली तर जास्त घाबरणाऱ्या मुलांचे मार्क सुधारले. आम्ही हे दुआच्या रूपात केलं. सराव पेपरच्या आधी त्याने एका कागदावर अल्लाहला सांगायचं, कशाची भीती वाटते, कोण काय म्हणेल, सगळं, जशी जमेल तशा भाषेत. कागद मी कधीच वाचला नाही, तो फाडून टाकायचा.

तिसरी गोष्ट त्याच्याच तरावीहमधून आली. रमझानच्या रात्रीच्या नमाजमध्ये हाफिज पुढे उभा राहून कुरआन ऐकवतो, मागे दुसरा हाफिज ऐकत असतो, पुढचा अडकला की तो मागून पुढची आयत सांगतो, त्याला लुकमा देणं म्हणतात. मी विचारलं, भरलेल्या मशिदीत अडकलास तर घाबरतोस का? म्हणाला, "नाही टीचर, दोन आयती मागे जातो, परत पकडतो, नाहीतर लुकमा येतो." मग पेपरमध्ये हेच कर ना. अडकलास तर दोन ओळी मागे जा, तिथून परत लिहीत ये. नाही जमलं तर जागा सोड, पुढचा प्रश्न घे, कधी कधी पुढच्या प्रश्नातूनच लुकमा मिळतो. हे त्याला इतकं पटलं की वर्गातली बाकीची पोरंपण एकमेकांना "लुकमा आला का" विचारायला लागली.

आणि झोप. दिवसभर शिकलेलं रात्रीच्या गाढ झोपेत हिप्पोकॅम्पसकडून मेंदूच्या बाकी भागांत पक्कं होत जातं, चहाचं कॅफीन निम्मं उतरायलाच पाच तासांच्या आसपास लागतात, हे मी त्याच्या अम्मीला सांगितलं. पण तिला पटलं मौलानांच्या बोलण्याने, की तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे ही सहीह (खात्रीची) हदीस आहे, आणि मध्यरात्रीच्या लांब वजीफ्याऐवजी इशाच्या, रात्रीच्या नमाजनंतर आयतुल कुर्सी ही कुरआनातली आयत पढून झोपवा. अब्बांशी मी फोनवर बोलले, म्हटलं "भाई, फक्त प्रश्न बदला, आज काय नवीन जमलं ते विचारा." लांब राहणाऱ्या बापाला सांगायला कुणीतरी हवं असतं, त्यांनी लगेच ऐकलं.

मग आला रमझान. २०२५ ची दहावी २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि २ मार्चला पहिला रोजा, म्हणजे गणित आणि सायन्सचे पेपर रोज्यात, अकरा वाजता. त्यात ह्या मुलाला तरावीह पढवायची. गावात आधी कुजबुज झाली की हाफिज असून मागे कसा राहतो. मौलाना मशीद कमिटीसमोर बसले आणि ठरलं की पेपरच्या आदल्या रात्री दुसरा हाफिज पूर्ण पढवेल, बाकी रात्री दहा-दहा रकात वाटून. उंट आधी बांध, मग अल्लाहवर सोड ही तिर्मिजीतली हदीस त्यांनी तिथे सांगितली, पोराची झोप हाच आपला दोर समजा म्हणाले. रोजा त्याला ठेवायचाच होता, आम्ही ते मानलं, पण चक्कर आली, तब्येत बिघडली तर आजाऱ्याला नंतर कजा करायची, म्हणजे राहिलेला रोजा मागाहून ठेवायची, सवलत कुरआनातच आहे हे त्याला आणि अम्मीला आधीच स्पष्ट सांगून ठेवलं. सहरीला, रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, नुसता चहा-खारी नाही, भाकरी, अंडं, दही आणि भरपूर पाणी. फज्रनंतर थोडी उजळणी, नवीन काही नाही. पेपरहून आल्यावर जुहर, दुपारची नमाज, आणि मग कैलूला, दुपारची छोटी झोप, जी सुन्नतही आहे आणि रमझानात तर जीव वाचवते.

बीजगणित ठीक गेलं. भूमितीला परत अडकला, मला बाहेर आल्यावर सांगत होता की हात ओले झाले, वर्तुळाचं प्रमेय आठवेना, मग पेन खाली ठेवला, दुआ पढली, पुढचा प्रश्न घेतला आणि शेवटी परत येऊन प्रमेय लिहिलं, पूर्ण नाही पण लिहिलं. म्हणजे भीती गेली नव्हती. भीती असताना काय करायचं ते त्याला माहीत झालं होतं. इंग्रजीचा पेपर मात्र जेमतेमच गेला, ती अनेक वर्षांची कसर होती आणि दोन महिन्यांत भरणारी नव्हतीच. मे महिन्यात निकाल लागला, सगळ्या विषयांत पास, गणितात साठच्या आसपास. आता तो अकरावीला आहे आणि मकतबमध्ये लहान मुलांचा सबक ऐकतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण लोक असं वाचून दुआवर थांबतात. ह्या मुलाला झोपेचा आणि भीतीचा त्रास होता, पण तो जेवत होता, बोलत होता, मित्रांत जात होता. मुलगा किंवा मुलगी जेवणं सोडते, आठवडेच्या आठवडे गप्प राहते, स्वतःला इजा करायचं बोलते, वारंवार श्वास कोंडून घाबरते, तर थेट डॉक्टर. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आमच्या मौलानांनी जुम्म्याच्या बयानात हा नंबर सांगितला आणि वर म्हणाले की औषध घ्या असं पैगंबरांनीच (स.) सांगितलंय, मग मनाच्या आजारात लाज कसली. मिंबरवरून, मशिदीतल्या व्यासपीठावरून, हे एकदा ऐकलं की त्यानंतर तीन आया स्वतःहून माझ्याकडे आल्या.

जे अजून बाकी आहे ते मुलींचं. मुलाला उस्ताद होते, मशीद कमिटीने त्याची सोय बघितली. आमच्या दहावीच्या मुलींच्या रमझानात सहरी आणि इफ्तारीचं अर्धं स्वयंपाकघर त्यांच्या अंगावर असतं, तळण, शरबत, भांडी, आणि दुसऱ्या दिवशी पेपर, आणि त्यांच्यासाठी कुणी कमिटी बसत नाही. २०२६ ला तर जवळपास अख्खी दहावी रमझानातच येतेय. म्हणून ह्या वेळी जानेवारीतच आयांची मीटिंग घ्यायची ठरवलीय, मौलानांच्या घरच्या बाजी (ताई) येणार आहेत, आणि पहिला विषय हाच ठेवलाय की पेपरच्या आदल्या दिवशी मुलीला इफ्तारीच्या कामातून सुट्टी, आणि घरातल्या मुलग्यांनी दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, लावायचा.